बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा

आम्ही कापडवाले गाठ उघडली की आधी ताग्याच्या किनारीवरचा छाप पाहतो, मग पोत बोटांनी तपासतो. पण तोच व्यापारी टेम्पो दुरुस्तीला नेला की मिस्त्रीला सांगतो, "बसेल तो बोल्ट टाक, गाडी लवकर सोड." ही गफलत मीही वर्षानुवर्षे केली.

एकदा मालाने भरलेल्या माझ्या टेम्पोच्या प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट तुटले आणि शाफ्ट रस्त्यावर आदळला. ड्रायव्हर वाचला, अल्लाहचे शुक्र. तुटलेल्या बोल्टची डोकी कोरी होती. आधीच्या दुरुस्तीत काही रुपये वाचवले होते ते मीच!

वाहनाच्या चांगल्या बोल्टवर 8.8, 10.9 किंवा 12.9 असा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण असते. पहिला आकडा तुटेपर्यंतची ताकद सांगतो. दुसरा सांगतो, त्या ताकदीच्या किती दशांश ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबणार नाही. 10 मिलिमीटरचा साधा 4.6 बोल्ट सुमारे 2.4 टनाला तुटतो, 8.8 चा सुमारे 4.7 टनाला आणि 10.9 चा 6 टनांवर. तिन्ही दिसायला सारखेच आणि एकाच पान्याने आवळले जातात.

दुसरी चूक चमकीची. "स्टेनलेस गंजत नाही, तेच टाका," असे अनेक मालक म्हणतात. पण बाजारात सर्रास मिळणारा ए2-70 छापाचा स्टेनलेस बोल्ट 8.8 पेक्षा कमजोर असतो. नंबर प्लेटला तो चालेल, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाला नाही. उलट सगळीकडे 12.9 टाकणेही शहाणपणाचे नाही. इतक्या कडक पोलादावर विजेच्या प्रक्रियेने मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरला, तर बोल्ट पुढे अचानक तडकू शकतो. म्हणून कंपनीने जो ग्रेड दिला आहे, तोच घ्यावा. नटही जोडीचा हवा, म्हणजे 8.8 ला 8 चा आणि 10.9 ला 10 चा. आवळणेही अंदाजाने नको, टॉर्क पान्याने आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने व्हावे. इंजिन हेडचे काही बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात, तेही पुस्तकात पाहून घ्यावे.

माझे मत साफ आहे, दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. मालक स्वस्त मागतो, म्हणून दुकानदार स्वस्त ठेवतो. व्यापारी बंधूंनी यापुढे दुरुस्तीच्या बिलावर बोल्टचा ग्रेड लिहून मागावा आणि जुना बोल्ट परत घेऊन त्याच्या डोक्यावरचा आकडा नव्याशी जुळवून पाहावा. कापडात खोट निघाली तर माल परत येतो. बोल्टची खोट मात्र भरधाव गाडीत उघडी पडते. ड्रायव्हरचा जीव आपल्याकडे अमानत आहे, त्यात काटकसर करू नये.