निवृत्त पोलीस गाडीचे खरेदीखत

पोलीस खात्याने निर्लेखित केलेली मोटार लिलावात बोली लावून घरी आणण्याची जी हौस अमेरिका व कॅनडातील नागरिकांत दीर्घकाळ रुजलेली आहे, तिची थट्टा करणे सोपे असले, तरी तिच्यामागे व्यवहाराचा चोख हिशेबही आहे. फोर्डची ‘क्राउन व्हिक्टोरिया’ ही ऐसपैस गाडी, जी ओंटारिओ प्रांतातल्या सेंट टॉमस येथील कारखान्यात सप्टेंबर २०११ पर्यंत तयार होत होती, तिच्या पोलिसी आवृत्तीला ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, भक्कम स्प्रिंगा आणि उभ्या गाडीतही दिवे व बिनतारी यंत्र चालते ठेवणारा दणकट अल्टरनेटर लाभला होता. तेव्हा नवी मोटार न परवडणारा गृहस्थ किंवा टॅक्सीवाला तिच्याकडे वळला, तर त्यात नवल कसले?

मात्र घेणाऱ्याने मैलांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. पोलीस गाडी पुष्कळ काळ रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून उभी असते, आणि फोर्डच्याच हिशेबाप्रमाणे असा एक तास म्हणजे सुमारे ३३ मैलांची झीज. म्हणजे ४,००० तास उभ्याने चाललेल्या इंजिनाच्या आयुष्यात १ लाख ३२ हजार मैलांची अदृश्य भर पडलेली असते. म्हणून जाणते गिऱ्हाईक प्रथम इंजिनाच्या तासांची नोंद मागते, मग छपराकडे पाहते, कारण दिव्यांची पट्टी काढल्यावर उरलेली छिद्रे नीट बुजवलेली नसली, तर पावसाळ्यात पाणी थेट आसनावर ठिबकते. मागची दारे आतून उघडत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना मुलांना शाळेच्या फाटकाशी उतरवतानाच कळते! दारांवरची अक्षरे खरवडली, तरी भोवतालचा रंग उन्हाने विटलेला असल्याने त्यांचा माग तिरप्या उजेडात स्पष्ट वाचता येतो.

सरकार लोखंडाबरोबर आपला दराराही थोडाफार विकत असते, याची खूण म्हणजे हा माग. १८ व १९ एप्रिल २०२० रोजी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात पोलिसाचे सोंग घेतलेल्या एका इसमाने २२ जणांचे प्राण घेतले, आणि त्या हत्याकांडात त्याने वापरलेली गाडी म्हणजे केंद्र सरकारच्या जुन्या मालमत्तेच्या विक्रीतून राजरोस घेतलेली फोर्ड टॉरस होती, जिच्यावर त्याने पट्टे, बोधचिन्हे आणि दिवे पुन्हा हुबेहूब चढवले होते. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा गाड्यांची विक्री थांबवली. विक्री बंद करणे हा सर्वांत सोपा, आणि म्हणूनच सरकारांना सर्वांत प्रिय असलेला उपाय होय. पण गाडीवरची चिन्हे विकण्यापूर्वी काढलेलीच होती, ती नव्याने मिळवता आली, हा खरा दोष. आणि त्याच वर्षी नोव्हा स्कॉशियाच्या विधिमंडळाने पोलिसांची ओळख दर्शवणाऱ्या वस्तू कोणी बाळगाव्यात यावर जे निर्बंध घातले, ते मला विक्रीबंदीपेक्षा कितीतरी शहाणपणाचे वाटतात. गाडी विकावी, परंतु तिचा रंग खात्याने स्वखर्चाने बदलावा, स्पॉटलाइट काढून घ्यावा आणि त्याचा दाखला खरेदीखतास जोडावा. तिजोरीत येणारी रक्कम त्यामुळे घटली, तर घटू द्यावी.

आपल्याकडे हा प्रश्न एका अर्थी आधीच निकालात निघाला आहे, कारण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी, काही विशेष वाहने वगळता, रद्द होऊन ती मोडीतच काढावी लागतात. त्यावर समाधान मानण्यापूर्वी मुंबई-पुण्याच्या कोणत्याही सिग्नलला उभ्या असलेल्या खासगी गाड्यांच्या काचांकडे मात्र जरूर पाहावे. तेथे झळकणारी ‘पोलीस’ अशी लाल-निळी पाटी मिळवण्यासाठी लिलावात बोली लावावी लागत नाही, आणि फसवणुकीच्या हेतूने लोकसेवकाची खूण बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ प्रमाणे गुन्हा असला, तरी पाटी पाहताच नाक्यावरचा शिपाई गाडी न तपासता पुढे सोडतो. गृहखात्याने आधी त्या पाटीचा बंदोबस्त करावा.