परमवीरांची गाथा पुन्हा घराघरांत यावी

बहुतेक भारतीय घरांत दूरदर्शन हीच एकमेव वाहिनी होती त्या काळात, १९८८ साली, चेतन आनंद यांनी दिग्दर्शित केलेली ‘परमवीर चक्र’ ही हिंदी मालिका प्रसारित झाली. १९६२च्या युद्धावरील ‘हकीकत’ (१९६४) या चित्रपटामुळे रणभूमीच्या चित्रणात त्यांचे नाव आधीच झालेले होते. या मालिकेत त्यांनी देशाचे सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदक मिळवणाऱ्या वीरांच्या कथा मांडल्या. भव्य देखावे उभारण्याइतकी साधने तेव्हा दूरदर्शनकडे नव्हती. तरीही त्या कथा मनात ठसल्या, कारण त्यांच्या केंद्रस्थानी माणूस होता आणि तो बहुतांशी पायदळातला होता.

पायदळाचे युद्ध पडद्यावर झळाळत नाही. त्यात चालणे असते, थंडी असते, वाट पाहणे असते आणि संपत आलेला दारूगोळा असतो. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा यांचा हात प्लास्टरमध्ये होता. तशाही स्थितीत ते जवानांना काडतुसे भरून देत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्या झुंजीत मिळालेल्या अवधीमुळे श्रीनगरचा विमानतळ वाचला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या तेराव्या कुमाऊँ बटालियनच्या तुकडीने सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर प्राणपणाने लढा दिला. हिवाळा सरल्यावर तेथे पोहोचलेल्यांना जवानांचे बर्फात गोठलेले देह शस्त्रांसह सापडले. १९६५ मध्ये असल उत्तर येथे अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने पॅटन रणगाडे उद्ध्वस्त करत देह ठेवला. मालिकेत त्यांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली होती. प्रांत, जात आणि उपासनापद्धती यांपलीकडे राष्ट्र नावाचे एकच नाते कसे उभे राहते, हे सांगायला या तीन कथांना वेगळ्या भाषणाची गरज नाही.

या पदकाशी महाराष्ट्राचेही नाते आहे. त्याचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचे. जन्माने युरोपीय असलेल्या या विदुषीने मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि भारतीय संस्कृती आत्मसात केली. वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींचे स्मरण ठेवून त्यांनी पदकावर इंद्राचे वज्र कोरले. बाँबे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे कारवारकडचे. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरील सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्यात, जखमी अवस्थेत दूर करून त्यांनी रणगाड्यांना मार्ग मोकळा करून दिला. क्रिकेटपटूंच्या धावा तोंडपाठ असलेल्या किती मराठी मुलांना राणे यांचे नाव ठाऊक असेल?

हा दोष मुलांचा नाही. जे दाखवले जाते तेच स्मरणात राहते. आज युद्धपटांची वाण नाही, पण त्यांतील पुष्कळ चित्रपटांत नायकाच्या आरोळ्या सैनिकाच्या कर्तव्यापेक्षा मोठ्या होतात. शत्रूचा द्वेष शिकवणे सोपे असते. सहकाऱ्यांसाठी आणि मातृभूमीसाठी आपली जागा न सोडण्याचा संस्कार रुजवणे कठीण असते. जुन्या मालिकेचे मोल येथेच आहे.

आजवर २१ वीरांना परमवीर चक्र लाभले, त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना त्यांची नावे देण्यात आली. हा गौरव उचितच आहे, परंतु बेटावरील नाव घरात पोहोचवावे लागते. १९८८च्या मालिकेत १९९९च्या कारगिल युद्धातील चार परमवीर असणे शक्यच नव्हते. म्हणून एकवीसही वीरांची, अतिशयोक्ती टाळणारी आणि सैन्याच्या नोंदींशी प्रामाणिक राहणारी नवी मालिका मराठीसह सर्व भारतीय भाषांत निर्माण व्हावी, अशी मागणी समाजाने करायला हवी.

तोवर कुटुंबांनी आणि शाखांनी थांबण्याचे कारण नाही. आठवड्यातून एका वीराची कथा सांगितली, तरी पाच महिन्यांत एकवीस कथा पूर्ण होतात. ज्या घरात सोमनाथ शर्मा आणि राम राणे ही नावे सहज उच्चारली जातील, त्या घरातील मुलाला देशभक्ती म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागणार नाही.