जबाब कोणाचा, हात कोणाचा?



होळी झाल्यावर मी एका रात्रीत अकरा जबाब लिहिले. वन हक्काच्या दाव्यांना जोडायचे, म्हाताऱ्या माणसांचे. दुसऱ्या दिवशी फायली द्यायच्या होत्या. पहिला जबाब नीट विचारून लिहिला, बाकीचे दहा त्याच्यावरून उतरवले. नाव, शिवार आणि क्षेत्र तेवढं बदललं. खाली अंगठे घेतले. पावसाळा लागायच्या आत वरच्या समितीकडून अकराच्या अकरा परत आले. शेरा एकच : सर्व जबाब एकसारखे व एकाच हस्ताक्षरात आहेत.

मला लई राग आला. मग फाईल उघडून वाचली. साहेबाचं म्हणणं खोटं नव्हतं, एवढं कबूल करतो. दावे खरे होते, पण जबाब माझे होते.

पुढे कार्यकर्ता शिबिरात भाषेचा अभ्यास करणाऱ्या एक ताई आल्या. त्यांनी हॉलंड देशातल्या जुन्या पत्रांची गोष्ट सांगितली. ऐकताना मला सारखी माझी फाईल दिसत होती, म्हणून इथे लिहितो.

सतराव्या-अठराव्या शतकात हॉलंड आणि इंग्लंड यांच्या समुद्रावर लढाया होत. इंग्रज हॉलंडची जहाजं पकडत, त्यातला माल आणि टपालही घेत. पकडलेलं जहाज शत्रूचंच होतं हे कोर्टात दाखवायला कागद लागायचे, म्हणून ते राहिले. अशी सुमारे ३८,००० पत्रं आजही लंडनमधल्या क्यू इथे सरकारी दप्तरखान्यात आहेत. कितीतरी पत्रं साध्या माणसांची. खलाशाने घरी लिहिलेली, बायकोने नवऱ्याला लिहिलेली. ज्याला लिहिली त्याला ती मिळालीच नाहीत. २००८ पासून लायडन विद्यापीठातल्या मारायके फान देर वाल या बाईंनी आणि त्यांच्या साथीदारांनी त्यातली सुमारे एक हजार पत्रं उतरवून अभ्यासली.

एवढी मेहनत कशाला? कारण भाषेचा इतिहास जास्त करून छापील पुस्तकांवरून लिहिला गेला, म्हणजे शिकलेल्या पुरुषांच्या लिहिण्यावरून. त्यात गरिबाची बोली नसतेच, आणि असली तर बिघडलेली म्हणून. हे अभ्यासक म्हणतात, भाषेचा इतिहास खालून बघा. इंग्लंडमध्ये गरिबांनी मदत मागायला लिहिलेल्या अर्जांचाही असाच अभ्यास चालला आहे.

त्यांचा पहिला प्रश्न ऐका : पेन कोणाच्या हातात होतं? पत्राखाली बाईचं नाव आहे म्हणून ते तिनेच लिहिलं असं ते धरत नाहीत. अनेकांना लिहिता येत नव्हतं, ते दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. म्हणून अक्षर जुन्या दप्तरातल्या सहीशी ताडून बघतात. वेगवेगळ्या लोकांच्या पत्रांत एकच अक्षर दिसलं की समजतात, लिहिणारा वेगळा. त्याने पत्र खोटं ठरत नाही. निरोप त्या बाईचाच असतो. पण त्यातली भाषा तिची म्हणून मोजत नाहीत. माझ्या अकरा जबाबांचं हेच झालं की! फरक एवढाच, की आपल्याकडे निरोपही फेकला गेला.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ज्यांना लिहायची सवय कमी, त्यांच्या पत्रांत ठरलेली वाक्यं जास्त. पेन जड वाटतं, तेव्हा माणूस तयार वाक्याचा आधार घेतो. मी बारावी झालो तरी जबाब लिहायला बसलो की ‘सदर इसम’ आपोआप येतं. मी लिहिलं होतं : सदर इसम सन १९७० पासून वनजमिनीवर अतिक्रमण करून शेती करीत आहे. अतिक्रमण! आजोबा तर ‘नेवाड’ म्हणाले होते. नेवाड म्हणजे जंगल साफ करून काढलेलं शेत, त्यात घाम आहे, चोरी नाही. कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारने ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं मान्य केलंय, आणि मी आपल्याच हाताने गुन्ह्याची कबुली लिहून दिली.

त्या आजोबांकडे परत गेलो. या वेळी बोलणं मोबाईलमध्ये भरून घेतलं. त्यांनी सन सांगितलाच नाही. सुकडी वाटायचे त्या दुष्काळात, म्हणजे १९७२ ला, ते त्या शेतात बापाबरोबर बैल हाकत होते. नाल्याकडची विहीर त्याआधीची. बापाला कुठे पुरलं तेही दाखवलं. नियम १३ मध्ये म्हाताऱ्या माणसांचे लेखी घेतलेले जबाब पुरावा धरलेत, तशाच जुन्या विहिरी, पुरायच्या जागा, देवाच्या जागाही धरल्यात. माझ्या सुंदर अक्षरातल्या जबाबात यातलं काहीच नव्हतं.

काही साथी म्हणतात, आपल्या बोलीत लिहिलं तर साहेब हसेल, कागद बाजूला टाकेल. भीती खरी आहे. म्हणून माझं म्हणणं असं : आधी पावरी, वसावे, मावची जी बोली असेल तिच्यात जसं बोलले तसं लिहायचं, खाली मराठी अर्थ द्यायचा. कोणी विचारलं, कोणी लिहिलं हेही टाकायचं. एक प्रत ग्रामसभेकडे. ‘स’चा ‘ह’ होतो तर ‘ह’च लिहा. हॉलंडच्या झीलंड भागातले लोक बोलताना शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ खायचे, काहींच्या पत्रातही तो गळलेला आहे. त्यावरून आज त्यांची बोली कळते.

याला वेळ लागतो. एका माणसाला अख्खी दुपार जाते, मध्ये चहा, मध्ये भांडण (भाऊबंदकीचं सगळं जबाबातच निघतं). अकरापैकी सात झाले. तीन बाकी आहेत, येत्या अमावास्येनंतर त्या पाड्यावर जाणार आहे, ज्यांना लिहिता येतं त्यांनी बरोबर या. अकराव्या आजी श्रावणात गेल्या. त्यांच्या नावाचा माझ्या अक्षरातला जबाब तेवढा फाईलमध्ये आहे.