हळहळ : एक फुकटची चैन

आमच्या खानदेशात माणूस गेला की गाव त्याच्या दारी जाऊन बसते, आणि खेळाडू मोडला की चहाच्या दुकानात. दोन्हीकडचे बोलणे मात्र एकच असते : ‘गडी मोठा होता हो!’ त्या ‘होता’कडे कोणाचे लक्ष जात नाही. पहिल्याच्या बाबतीत तो शब्द खरा असतो. दुसरा मात्र अजून जिवंत असतो. मुंबई-पुण्याच्या कुठल्यातरी इस्पितळात पायाला वजने बांधून छताकडे पाहत पडलेला असतो. त्याचा भूतकाळ आपण इथे चहाच्या एका कपात उरकून टाकतो.

या हळहळीबद्दल मला चार कडू शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या फराळात कडू कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीला कारीट पायाखाली चिरडून त्याचा कडवटपणा जिभेला लावणारी घरे महाराष्ट्रात आहेतच. त्या हिशेबाने हा लेख चालून जावा.

भुसावळात रेल्वेच्या वसाहतीमुळे फुटबॉलचा नाद जुना. जळगाव-धुळ्याकडे क्रिकेट आणि कबड्डी यांची चलती अधिक, आणि यात्रेतल्या कुस्त्या तर सगळीकडेच. खेळ कोणताही असो, पोरगा जरा चमकला की तो इथे राहत नाही. इथे त्याला ठेवण्यासारखे काही नसते. तो जातो, आणि ज्या दिवशी जातो त्या दिवसापासून आपला त्याच्यावरचा हक्क वाढू लागतो. त्याचे नाव वर्तमानपत्रात आले की स्टेशनवरचा हमालसुद्धा सांगतो, ‘आपला पोऱ्या शे तो!’ यात वाईट काही नाही. गावाने आपल्या माणसाचा अभिमान धरू नये तर कोणी धरावा? पण हक्क सांगायचा तर त्याच्याबरोबर देणेही लागते, हे आपल्या हिशेबात बसत नाही. पोऱ्याचा गुडघा मोडला की ‘आपला पोऱ्या शे’ याचे ‘आपला पोऱ्या होता’ व्हायला एक रात्र पुरते.

आमचे एक स्नेही आहेत, नाना. जुने फुटबॉलवेडे. त्यांच्याशी या विषयावर माझी खडाजंगी झाली. नानांचे म्हणणे असे की, प्रेक्षकाने आणखी काय करावे? तो काही डॉक्टर नाही, सावकार नाही. परक्याच्या दुःखाने त्याचे डोळे भरून येतात, एवढे मोठे मन तरी त्याच्यापाशी आहे. तेही तू हिसकावून घेणार? खेळात लागायचेच. लागले की वाईट वाटायचेच. यापलीकडे प्रेक्षकाचे काम नाही.

नानांचे मन मोठे आहे, हे मला मान्य आहे. पण प्रेक्षकाचे काम तेवढेच, हे मान्य नाही. इथल्या कोणा पोराचे नाव घेऊन त्याच्या घरच्यांची जखम मी उघडी करणार नाही. ज्याची कथा साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांनी छापली, अशा एका खेळाडूकडेच पाहू.

क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा. पोटासाठी हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून खेळला आणि २००३-०४ सालची राष्ट्रीय लीग त्या संघाने जिंकली त्यात त्याचा वाटा होता. पुढच्या हंगामात तो गोव्याच्या धेंपो संघाकडे गेला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोने तो दोन गोलांनी जिंकला, आणि दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल करताना बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी त्याची धडक झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि ज्युनियर जमिनीवर पडला, तो उठला नाही. वय अवघे पंचवीस.

मग अश्रूंचा पूर आला. गोवा रडला. ज्या कलकत्त्याने त्याला आदल्या वर्षी डोक्यावर घेतले होते तेही रडले. तिथे तो आता ‘आपला माजी’ होता ना! धेंपोने त्याचा दहा नंबरचा सदरा कायमचा निवृत्त केला आणि त्या वर्षीची राष्ट्रीय लीग जिंकून दाखवली. हे सारे योग्यच झाले. धेंपोने तरी काहीतरी केले. एक नंबर रिकामा ठेवणे ही कृती आहे, नुसता उसासा नव्हे. परंतु या दुःखाला दुसरी एक वाट फुटली, आणि माझे भांडण त्या वाटेशी आहे. गोलरक्षक विशीही न गाठलेला पोरगा. आपल्या धडकेने एक माणूस मेला, हे ओझे घेऊन तो घरी गेलेला. लोकांनी त्याच्यावर दात धरला. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींबद्दलही टीका झाली, नाही असे नाही. पण ती लवकर विरली. राग माणसावर धरणे सोपे असते. जी गाडी मैदानाशेजारी सज्ज असायला हवी, जो डॉक्टर रेषेवर बसायला हवा, त्यांच्या नसण्यावर राग धरायचा कसा? नसलेल्या गोष्टीला तोंड नसते, तिचा फोटो छापून येत नाही.

पुढची गंमत ऐका. गंमत म्हणताना लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. हाच सुब्रत पाल २००७ साली ईस्ट बंगालचा गोलरक्षक झाला! ज्युनियर ज्यांचा ‘आपला’ होता, त्याच गॅलऱ्या आता याच्या नावाने घुमू लागल्या. २००९ नंतर तो पुण्याच्या संघात आला. २०११ च्या आशिया चषकात दोह्याला दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने जो किल्ला लढवला त्यासाठी त्याला जगभर वाहवा मिळाली, आणि २०१६ साली अर्जुन पुरस्कार. तो पोरगा सावरला याचा मला मनापासून आनंद आहे; त्याला जन्मभर सुळावर ठेवावे असे मी कधीच म्हटले नसते. माझा प्रश्न गॅलरीला आहे. २००४ चा तुमचा संताप खरा होता, तर २००७ साली तो कुठे गेला? आणि २००७ चे प्रेम खरे असेल, तर २००४ साली त्या पोरावर तुटून का पडलात?

उत्तर नानांनाही ठाऊक आहे, फक्त ते देत नाहीत. तो संताप ज्युनियरसाठी नव्हताच. आपला खेळ अर्धवट मोडला, आपला आनंद हिरावला गेला, म्हणून तो होता. आपण रडतो ते बहुधा स्वतःसाठीच.

याहून अडचणीची गोष्ट पुढेच आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून ‘पाड त्याले! मार त्याले!’ असे कोण ओरडते? तो पंच नसतो, शिक्षकही नसतो. जळगावच्या मैदानावर मी हे ऐकले आहे, धुळ्याला ऐकले आहे, आणि खोटे कशाला बोलू, एकदोनदा मीही ओरडलो आहे. सतरा वर्षांच्या पोराच्या कानात दोन हजार माणसे ‘पाड’ म्हणून ओततात. तो पाडतो. पडलेल्याचे हाड मोडते. मग तीच दोन हजार माणसे एकदम गप्प होतात आणि पाडणाऱ्याकडे असे पाहतात, जणू तो दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला कसाई आहे. इतका निर्दोष प्रेक्षक मी तमाशाच्या फडातही पाहिला नाही.

नारी कॉन्ट्रॅक्टर यांचे उदाहरण जुन्या वाचकांना आठवत असेल. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू हिंदुस्थानच्या या कर्णधाराच्या डोक्यावर बसला. कवटीला तडा गेला, शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक दिवस शुद्ध नव्हती. आपल्याकडे ग्रिफिथचे नाव पुढे कित्येक वर्षे शिवीसारखे घेतले जाई. स्वतः कॉन्ट्रॅक्टर काय सांगत आले? त्यांनी ग्रिफिथला दोष दिला नाही. पॅव्हिलियनची एक खिडकी कोणीतरी उघडली, माझे लक्ष तिकडे गेले, असे ते म्हणत. ज्याची कवटी फुटली त्याला राग नव्हता. ज्यांच्या केसाला धक्का लागला नव्हता ते मात्र पेटले होते.

त्याच प्रसंगात आणखी एक माणूस होता : फ्रँक वॉरेल, प्रतिपक्षाचा कर्णधार. त्याने हळहळ व्यक्त केली की नाही, मला माहीत नाही. त्याने बाही वर केली आणि रक्त दिले. बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांनी दिले, दौऱ्यावरचे पत्रकार के. एन. प्रभू यांनीही दिले. नाना, तुमचा प्रेक्षक डॉक्टर नसतो ना? प्रभूही नव्हते. ते तर लेखणीवर जगणारे, आपल्यासारखे केवळ पाहणारे! बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९८१ पासून ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावाने रक्तदान भरवण्याची प्रथा चालवली आहे. त्या एका दंडाच्या शिरेतून किती जणांना रक्त मिळाले असेल, याचा हिशेब कोणी करावा! आमच्या चहाच्या दुकानातल्या उसाशांचा हिशेब मात्र मी करू शकतो. शून्य.

‘परदेशातल्या गोष्टी सांगू नकोस,’ असे नाना म्हणाले. बरे, घरची सांगतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. स्वतंत्र देशाचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर कराडापासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट प्रत्येक सत्कारसभेत सांगितली जाते आणि सांगणाऱ्याचा कंठ हमखास दाटतो. पुढची कोणी सांगत नाही. १९५६ च्या मेलबर्नआधी गुडघा दुखावला आणि दुसरे ऑलिंपिक हुकले. त्या गुडघ्यासाठी किती गाड्या जुंपल्या गेल्या? शेवटची वर्षे ओढगस्तीची गेली, १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघाताने ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. पदकाला शंभर गाड्या आणि गुडघ्याला एकही नाही, हे गणित एकट्या साताऱ्याचे नाही. आपणही तेच शिकलेले आहोत.

आता माझ्याच विरुद्ध जाणारा एक दाखला देतो, नाहीतर नाना म्हणतील की वकिली केली. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड सामन्यात एरिक्सन हा खेळाडू धावताधावता कोसळला. हृदय बंद पडले. सोबत्यांनी त्याच्याभोवती कडे केले, की मरणाच्या दारातला माणूस लोकांना दिसू नये. आणि गॅलरीत फिनलंडचे प्रेक्षक ‘क्रिस्तियान’ अशी हाक देऊ लागले, डेन्मार्कचे ‘एरिक्सन’ म्हणून ती पुरी करू लागले. प्रतिपक्षाचे लोक! मी तो प्रसंग पाहिला तेव्हा माझ्याही घशात काहीतरी अडकले. प्रेक्षकाची भावना इतकी निर्मळ असू शकते, हे मी कबूल करतो. परंतु नाना, तो वाचला कशाने? पळत आलेल्या माणसांनी छाती दाबत ठेवली आणि मैदानावर तयार असलेल्या यंत्राने हृदयाला झटका दिला, म्हणून. आठ महिन्यांनी तो पुन्हा इंग्लंडच्या मैदानात खेळत होता. हाकेने नव्हे, पेटीने. ती पेटी कोणीतरी सामन्याआधी, कोणाचे डोळे ओले नसताना, जमाखर्चात धरली होती.

आपल्याकडचा जमाखर्च मी पाहिला आहे. गेल्या खेपेला एका स्पर्धेच्या समितीने वर्गणीसाठी मला कागद दाखवला. कोणती समिती, ते सोडून द्या. मंडप, ध्वनिक्षेपक, ढाली आणि चषक, पाहुण्यांच्या शाली, श्रीफळे, हार, पाहुण्यांचे जेवण, फटाके. खाली ‘किरकोळ’. मी विचारले, ‘डॉक्टर?’ एकमेकांकडे पाहून ते हसले. ‘काका, १०८ ला फोन केला की गाडी येते.’ येते, खरेच येते. २०१४ पासून ती सोय महाराष्ट्रात आहे आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचवले आहेत. पण सामना दुपारी चारला सुरू होणार हे तुम्हाला महिनाभर आधी ठाऊक असते. फटाकेवाल्याला आदल्या दिवशी आणून बसवता, आणि डॉक्टरला हाड मोडल्यावर शोधायला निघता! मी विचारले, ‘खेळणाऱ्या पोरांचा विमा?’ तो प्रश्न कोणालाच कळला नाही. मग विचारले, ‘मागच्या वर्षी ज्याचा पाय मोडला, त्याच्याकडे कोणी गेले होते का?’ तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, ‘फार वाईट झालं त्याचं. गडी मोठा होता.’

त्या पोराचे वय बावीस आहे. काठी टेकत तो बाजारात येतो, मी पाहिला आहे. सामने असतात त्या दिवसांत मैदानाच्या बाजूच्या रस्त्याने तो जात नाही.

नानांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘शाली कमी केल्या तर पाहुणे रागावतील.’ रागावोत. एका पाहुण्याची शाल, हार आणि जेवण वाचले तर मोडलेला पाय उचलून नेण्याचा स्ट्रेचर येईल. दोनतीन पाहुणे कमी झाले तर दिवसभर एक डॉक्टर खुर्चीवर बसेल. अध्यक्षांचे भाषण ऐकायला जितकी माणसे थांबतात, त्यांतल्या दहांनी छाती कशी दाबायची हे एका सकाळी शिकून घेतले तर अध्यक्षांच्याही उपयोगी पडेल. त्यांचे वय झाले आहे.

यंदाच्या स्पर्धेची वर्गणी मी अजून दिलेली नाही. पोरे दोनदा येऊन गेली. रेषेबाहेर गाडी आणि खुर्चीत डॉक्टर दिसला की त्याच दिवशी तिथेच देईन, असे मी सांगून ठेवले आहे. नाना म्हणाले, ‘माझीही तोवर धरून ठेव.’