वसतिगृहाची सक्ती आणि सवलतीचा अर्ज : अमेरिकी विद्यापीठांपुढील जुनाच पेच

नवी दिल्ली : अमेरिकेतील विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले की भारतीय कुटुंबाचे लक्ष शिक्षणशुल्क, व्हिसा आणि विमानाच्या तिकिटाकडे वळते. त्या पत्रासोबत आलेल्या कागदांतील एक अट मात्र अनेकदा उशिरा वाचली जाते. प्रथम वर्षाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहातच राहिले पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी तेथील भोजन योजनाही घेतली पाहिजे, अशी ही अट असते. शहरात नातेवाईक असतील किंवा बाहेर स्वस्त खोली मिळत असेल, तरी तेवढ्याने अटीतून सुटका होत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो नामंजूरही होऊ शकतो.

‘ओपन डोअर्स’च्या २०२३-२४ च्या अहवालानुसार अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी सुमारे ३६ हजार होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही सक्ती सहसा लागू नसल्याने भारतातील चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. अठराव्या वर्षी थेट पदवीसाठी जाणाऱ्यांना मात्र ती पहिल्याच दिवसापासून भेटते.

सक्तीचा कालावधी प्रत्येक विद्यापीठात वेगळा आहे. व्हँडरबिल्टमध्ये पदवीची चारही वर्षे आवारात राहणे अपेक्षित असते, ड्यूकमध्ये तीन वर्षे, तर कॉर्नेल आणि ओहायो स्टेट येथे दोन वर्षे. अनेक सरकारी विद्यापीठे केवळ पहिल्या वर्षापुरता आग्रह धरतात. आवारात राहणारा विद्यार्थी अभ्यासात टिकतो, मित्र जोडतो, शिक्षण अर्ध्यावर सोडून जात नाही, असे समर्थन विद्यापीठे देतात. ते पोकळ नाही. पण नियमाला आणखी एक पाया आहे आणि तो हिशेबवहीत सापडतो. १९५० च्या गृहनिर्माण कायद्याने महाविद्यालयांना वसतिगृहे बांधण्यासाठी केंद्रीय कर्जाची वाट मोकळी केली. रोखे काढून आणि कर्जे उचलून उभारलेल्या या इमारतींचे हप्ते खोल्यांच्या भाड्यातून फेडायचे होते. खोल्या रिकाम्या राहणे परवडणारे नव्हते.

कर्जफेडीसाठी विद्यार्थ्यावर सक्ती करता येते का, हा प्रश्न साहजिकच न्यायालयात गेला. १९६९ मध्ये लुइझियानातील एका संघीय न्यायालयाने, केवळ महसूल वाढवण्यासाठी २१ वर्षांखालील विद्यार्थिनी आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर लादलेली अट घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातील दुसऱ्या न्यायालयाने दुसऱ्या संस्थेची तशीच अट वैध मानली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. १९७४ मध्ये साउथ डकोटा विद्यापीठाच्या प्रकरणात अपिलीय न्यायालयाने सांगितले की, एका नियमामागे अनेक हेतू असू शकतात. त्यांपैकी एक आर्थिक असला, तरी शैक्षणिक हेतू खरा असेल तर नियम टिकतो. तेव्हापासून सक्तीलाच आव्हान देऊन यश मिळण्याची शक्यता फारशी उरलेली नाही, आणि वादाचे केंद्र सवलतीकडे सरकले आहे.

नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी येथील शाखेचे प्रकरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आवारात राहणे बंधनकारक होते. एका ख्रिस्ती विद्यार्थ्याला वसतिगृहातील मद्यपान आणि मोकळे वातावरण आपल्या श्रद्धेशी विसंगत वाटत होते. त्याने जवळच्या एका ख्रिस्ती विद्यार्थी निवासात राहण्याची परवानगी मागितली. विद्यापीठाने ती नाकारली. १९९६ मध्ये संघीय न्यायालयाने प्रत्यक्ष आकडे तपासले, तेव्हा सुमारे २,५०० प्रथम वर्ष विद्यार्थ्यांपैकी जेमतेम १,६०० जणांनाच हा नियम लागू होत असल्याचे दिसले. उरलेल्यांना वय, विवाह, पालकांचे जवळचे घर किंवा अन्य वैयक्तिक कारणांसाठी सूट मिळाली होती. नियम सर्वांना सारखा लागू नाही, मग श्रद्धेच्या कारणालाच नकार का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर विद्यापीठाकडे नव्हते. निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला.

जवळपास त्याच काळात येल विद्यापीठात नेमके उलटे घडले. स्त्री-पुरुष एकत्र राहत असलेल्या वसतिगृहांत राहणे धर्माच्या मर्यादाशीलतेत बसत नाही, असे सांगून परंपरानिष्ठ ज्यू विद्यार्थ्यांच्या एका गटाने सूट मागितली. येलचा नियम विवाहितांना आणि २१ वर्षे पूर्ण झालेल्यांना सूट देत होता, धार्मिक कारणाला देत नव्हता. विद्यार्थ्यांनी न राहिलेल्या खोल्यांचे शुल्क भरले आणि राहिले बाहेर. २००० साली अपिलीय न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. येल ही खासगी संस्था असल्याने सरकारवर घटनेने घातलेली बंधने तिला लागू होत नाहीत, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. मागणीचे स्वरूप बरेचसे सारखेच होते, पण एक विद्यापीठ सरकारी होते आणि दुसरे खासगी.

२०२१ मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अधिकाऱ्याच्या विवेकाने वैयक्तिक सूट देण्याची तरतूद असलेला नियम ‘सर्वांना सारखा लागू’ मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. तो वाद वसतिगृहांचा नव्हता. तरीही सरकारी विद्यापीठांच्या सवलत समित्यांना त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. ‘योग्य कारण’ असा मोघम निकष ठेवून प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र निर्णय घ्यायचा, हीच तर या समित्यांची पद्धत आहे. समिती जितकी उदार, तितका तिचा एखादा नकार न्यायालयात टिकवणे अवघड. कारणांची बंदिस्त यादी करावी, तर एखादा खराखुरा गरजू बाहेर राहतो.

अर्जाची रीत साधारणतः ठरलेली आहे. निवास कार्यालयाचा नमुना सत्र सुरू होण्यापूर्वी ठरावीक मुदतीत भरायचा आणि कारणानुसार पुरावे जोडायचे : वयाचा दाखला, विवाहाचे प्रमाणपत्र, लष्करी सेवेची नोंद, डॉक्टरांचे पत्र, धर्मगुरूंचे निवेदन किंवा पालकांच्या घरी राहणार असल्याचे नोटरीकृत प्रतिज्ञापत्र. पालकांचे घर किती अंतरात असावे, हे विद्यापीठ ठरवते. कुठे २५ मैल, कुठे त्याहून अधिक. नकार आल्यास अपील करता येते. निर्णयाआधी बाहेरच्या घराचा भाडेकरार केला म्हणून सूट मिळत नाही, ही सूचना बहुतेक विद्यापीठे ठळकपणे देतात. ती न वाचणाऱ्यावर दोन्हीकडचे भाडे भरण्याची पाळी येते.

भारतीय विद्यार्थ्याची अडचण याच यादीत दडलेली आहे. सर्वाधिक वापरात असलेली सूट पालकांच्या घराची, आणि त्याचे पालक नाशिकला किंवा नागपूरला असतात. न्यू जर्सीतील काका किंवा मावशी आपल्याकडे पालकांच्या जागी मानली जातात. विद्यापीठाला मात्र न्यायालयाने नेमलेल्या पालकत्वाचा कागद हवा असतो. आर्थिक हलाखीचे कारण केंद्रीय अर्थसाहाय्याच्या अर्जावरून तपासले जाते आणि परदेशी विद्यार्थी त्या साहाय्यास पात्रच नसतो. शिवाय व्हिसासाठी लागणाऱ्या आय-२० या दस्तऐवजात निवास-भोजनाचा अंदाजित खर्च आधीच धरलेला असतो आणि तेवढी रक्कम असल्याचे कुटुंबाने दाखवून दिलेले असते. त्यानंतर ‘परवडत नाही’ हे पटवणे कठीण होते. जैन किंवा कडक शाकाहारी विद्यार्थ्याने आहाराचे कारण दिल्यास विद्यापीठ सहसा सूट देण्याऐवजी स्वयंपाकघरात वेगळी सोय करू पाहते.

त्या मानाने आरोग्य आणि अपंगत्व ही कारणे अधिक भक्कम ठरतात, कारण त्यांच्यामागे कायद्याचे बळ आहे. योगायोग असा की येथेही कर्नीचेच नाव पुढे येते. मानसिक आधारासाठी पाळलेला कुत्रा विद्यापीठाच्या निवासात ठेवू न दिल्याबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने २०११ मध्ये या विद्यापीठावर खटला भरला. विद्यार्थ्यांची निवासस्थाने न्याय्य गृहनिर्माण कायद्याच्या कक्षेत येतात, असे न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले आणि २०१५ मध्ये १ लाख ४० हजार डॉलरच्या तडजोडीने प्रकरण मिटले. त्यामुळे आजार असलेल्या विद्यार्थ्याने निवास कार्यालयासोबतच अपंगत्व सेवा कार्यालयाकडेही अर्ज करणे शहाणपणाचे असते. तेथे वेगळी खोली, स्वतंत्र स्नानगृह किंवा स्वयंपाकाची मुभा, असे मधले मार्गही निघतात.

भारतात बहुतेक विद्यार्थ्यांचा प्रश्न वसतिगृहात जागा न मिळण्याचा आहे. महाराष्ट्रात तर शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधारसारखी योजना राबवावी लागली. सक्तीची तक्रार मात्र वैद्यकीय शिक्षणातून आली आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीत तिची दखल घेतली. त्यानुसार निवासाची सोय करणे महाविद्यालयावर बंधनकारक आहे, तेथे राहणे विद्यार्थ्यावर नाही. या विद्यार्थ्याला सवलतीचा अर्ज करावाच लागत नाही.