संयम आधी आखावा लागतो

1948 मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो इथे सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की पत्नीखेरीज कोणत्याही स्त्रीसोबत एकटं राहायचं नाही. काहींना हा भित्रेपणा वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो, कारण मोह समोर उभा राहिल्यावर मनोबल गोळा करत बसणं बेभरवशाचं; दिनक्रमच आधी आखावा लागतो. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफसुद्धा पोटीफरच्या बायकोला शेवटी समजावत बसत नाही, वस्त्र तिच्या हाती सोडून पळतो.

या नियमाने स्त्रीच धोका ठरते आणि बैठकांतून, संधींतून ती वगळली जाते, हा आक्षेप मात्र खरा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दोष पाहणाऱ्या पुरुषाच्या नजरेत ठेवतो. मग त्याची किंमत तिने का मोजावी? पण म्हणून शिस्तच सोडून देणं हा उपाय नव्हे. चेन्नईत जन्मलेले नामवंत वक्ते रवी झकरायस यांचं लैंगिक गैरवर्तन त्यांच्या मृत्यूनंतर, 2021 मध्ये, त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीत उघड झालं. उत्तम प्रवचन म्हणजे संयम नव्हे. मंडळ्यांनी नियम स्त्री-पुरुषांना सारखा लावावा, आणि पाळकालाही जाब विचारणारी माणसं नेमावीत. त्यांत स्त्रिया हव्यातच.