बारीक भोकाचा हट्ट सोडा

बॅटरीवर चालणाऱ्या साइटमधला लाल ठिपका, म्हणजे रेड डॉट, बंद पडला तर हाताशी असाव्यात म्हणून रायफलवर घडीच्या लोखंडी साइट्स बसवायच्या आणि मागच्या साइटचं बारीक भोक वर करून ठेवायचं, हा प्रकार मी इथे अमेरिकेतल्या रेंजवर सतत बघतो आणि माझं डोकं फिरतं. भोक बारीक तेवढा नेम अचूक, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. हे अर्धवट ज्ञान आहे, आणि लोक ते पैसे मोजून घेतात.

डॉट दगा कधी देतो? बॅटरी संपते, काचेवर चिखल नाहीतर पाणी बसतं. नेमकं तेव्हा लख्ख ऊन असेल आणि गाल बटवर नीट टेकलेला असेल, याची हमी कोण देणार? लष्करी एम-१६ए२ रायफलची मागची साइट जवळून बघा. एकाच छोट्या तुकड्यावर दोन भोकं असतात, एक पावणेदोन मिलिमीटरचं, दुसरं ५ मिलिमीटरचं. बोटाने ढकललं की एक आडवं होतं, दुसरं उभं राहतं. मोठ्यावर ‘०-२’ कोरलेलं असतं, म्हणजे २०० मीटरपर्यंत हेच वापरा. अंधारात डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. तिच्यापुढे बारीक भोक धरलं की मोठ्या भोकातून येणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा आत येतो. पुढच्या साइटची उभी खुंटी, म्हणजे पोस्टच, दिसेनाशी होते. मग अचूकता कसली घेऊन बसलात?

मोठ्या भोकात नेम भरकटतो म्हणणाऱ्यांनी आधी पोस्टच्या टोकावर नजर ठेवायला शिकावं. गोलाचा मध्य डोळा आपसूक गाठतो. नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर घोस्ट रिंगचा, म्हणजे मोठ्या भोकाच्या साइटचा, आग्रह धरायचे ते उगाच नाही.

बारीक भोकाला माझा विरोध नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं, ते अशाच बारीक भोकाच्या साइटवर. पण तिथे लक्ष्य जागचं हलत नाही आणि अंतर ठरलेलं असतं. झीरो करताना, म्हणजे साइट गोळीच्या जागेशी जुळवताना, दिवसाउजेडी लांबचा नेम धरताना किंवा चाळिशी लागलेल्या डोळ्यांना पोस्ट स्पष्ट दिसावी म्हणून ते जरूर वापरा.

आणि विकत घेताना दोन्ही भोकांचा मध्य एकाच उंचीवर आहे का, हे तपासा. नसेल तर भोक बदललं की गोळीची जागाही बदलते. साइटची घडी घालण्यासाठी बारीक भोकच वर ठेवावं लागत असेल, तर ती साइट दुकानातच सोडून या. संकटासाठी घेतलेल्या साइटचं मोठं भोकच कायम वर हवं.